त्या काळी चालत होतं, ते कुणाला?

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना मी जाहिरातीचा इतिहास शिकवते. नोकरी करून निवृत्त झाले, आता महाविद्यालयं बोलावतात तिथे जाते. एका तासाला पडद्यावर १८८४ सालची पिअर्स साबणाची जाहिरात येते आणि वर्ग एकदम गप्प होतो. वरच्या चित्रात एक गोरा मुलगा ॲप्रन बांधून उभा आहे आणि टबात एक काळा मुलगा बसला आहे. खालच्या चित्रात आंघोळ झाली आहे, गोऱ्याने त्याच्यासमोर आरसा धरला आहे. काळ्या मुलाचं सगळं अंग पांढरं झालं आहे, चेहरा तेवढा काळा राहिला आहे.

थोड्या वेळाने कुणीतरी हात वर करतं आणि तोच प्रश्न येतो. दर वर्षी येतो, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत: "मॅडम, पण त्या काळी हे सगळ्यांना चालतच होतं ना? मग आजच्या नजरेनं आपण त्यांना नावं का ठेवायची?"

प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून वर्गातल्या दोन मिनिटांत त्याला उत्तर देणं मला कधी बरं वाटत नाही. इथे नीट सांगते. नाही, सगळ्यांना चालत नव्हतं. ज्यांची चित्रं काढली जात होती त्यांना तर मुळीच चालत नव्हतं. त्यांनी ते लिहून ठेवलं, छापलं, सभांमधून सांगितलं. आपण 'सगळे' म्हणतो तेव्हा त्यांना मोजत नाही.

हे साबणापासून सुरू झालं नाही. १८३० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून, फाटके कपडे घालून 'जिम क्रो' नावाचं सोंग करू लागला. बूच जाळून त्याची काजळी तोंडाला लावायची, वेडंवाकडं नाचायचं, तोडकी मोडकी भाषा बोलायची. लोक त्यावर वेडे झाले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला चौघांनी मिळून अख्खा कार्यक्रमच बसवला आणि मिन्स्ट्रेल शो हा प्रकार रूढ झाला. पुढची कितीतरी वर्षं अमेरिकेची ही सर्वांत लाडकी करमणूक होती. काळा माणूस आळशी, खादाड, भित्रा, पण गुलामीत मजेत राहणारा, अशी ठरलेली पात्रं तिथे घडली. लाखो माणसं त्या वेळी प्रत्यक्षात गुलाम होती, विकली जात होती. रंगमंचावर मात्र ती हसत होती. पुढे काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या, वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना नाव पडलं तेसुद्धा त्या सोंगाचंच, जिम क्रो.

इथे मुलं म्हणतात, नकला तर आपल्याकडेही होतात, बहुरूपी नाही का येत? येतो. पण तो दारात फौजदार होऊन येतो, तलाठी होऊन येतो. ज्याच्या हातात काठी आहे त्याचं सोंग घेतो. वगातही पाटलाची, राजाची खिल्ली उडते. मिन्स्ट्रेलमध्ये काठी सोंग घेणाऱ्याच्या हातात होती. ज्याचं सोंग घेतलं जात होतं, त्याला बहुतेक ठिकाणी तिकीट काढून त्यांच्या शेजारी बसताही येत नव्हतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक एवढ्यात आहे.

आता 'चालत होतं' म्हणणाऱ्यांसाठी साल सांगते: १८४८. गुलामीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस रॉचेस्टर गावातून स्वतःचं वर्तमानपत्र काढत होता. त्यात त्याने या सोंगाड्यांना गोऱ्या समाजातला गलिच्छ गाळ म्हटलं. निसर्गाने यांना जो रंग दिला नाही तो यांनी आमच्याकडून चोरला, पैसा करायला आणि आपल्याच लोकांची बिघडलेली अभिरुची चाळवायला, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. मिन्स्ट्रेल शो ऐन भरात होते तेव्हाचं हे लेखन आहे. आजच्या नजरेची गरजच पडत नाही, त्याच काळाची नजर पुरते.

या सोंगाचा एक धागा आपल्याकडेही आला. डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रेल नट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आला आणि इंग्रजांसमोर 'बंगाली बाबू'ची नक्कल करू लागला. पात्र बदललं, कृती तीच. कलकत्त्याचे नट अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी त्याला रंगमंचावरूनच उत्तर दिलं. १८७३ मध्ये त्यांनी 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा' करून साहेबाचीच नक्कल केली. मला हे फार आवडतं, कारण तिथे सोंगाची दिशा पुन्हा सरळ झाली. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. इतक्या लांबून त्यांना गुलाम माणूस म्हणून दिसला. तिथल्या थिएटरात बसलेल्या हजारोंना तो पुढ्यात असून दिसत नव्हता.

पिअर्सकडे परत येते. आमच्या घरी लहानपणी पाहुण्यांसाठी पिअर्सची वडी राखून ठेवलेली असायची. उजेडात धरली की आरपार दिसायची. तिचा वास मला अजून आठवतो, म्हणून ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरातल्याच कुणाबद्दल वाईट ऐकावं तसं वाटलं. पिअर्सचा कारभार पाहणाऱ्या थॉमस बॅरटला आधुनिक जाहिरातीचा जनक म्हणतात. आमच्या अभ्यासक्रमातही ते वाक्य आहे. 'आधी आणि नंतर' ही मांडणी त्याच्या जाहिरातींत किती स्वच्छ बसली आहे ते मी मुलांना दाखवते. पण तिथे 'आधी' म्हणजे एक माणूस होता, हेही तेवढंच स्पष्ट दाखवते. १८९९ मध्ये त्याच कंपनीने जाहिरातीत सरळ लिहिलं की 'गोऱ्या माणसाचं ओझं', म्हणजे इतर लोकांना सुधारण्याची गोऱ्यांनी स्वतःवर घेतलेली जबाबदारी, हलकं करायची पहिली पायरी म्हणजे स्वच्छतेचे धडे देणं. साबण विकायला साम्राज्य वापरलं आणि साम्राज्य गोड करायला साबण.

अमेरिकेतली सर्वांत लांब चाललेली गोष्ट मात्र पिठाची आहे. १८८९ मध्ये मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी दोघा धंदेवाईकांनी पॅनकेकचं तयार पीठ काढलं. त्याचं नाव त्यांनी घेतलं ते मिन्स्ट्रेल शोमधल्या एका गाण्यावरून, 'आंट जेमायमा'. डोक्याला फडकं बांधलेली, लठ्ठ, सदा हसतमुख, मालकाच्या घरावर जीव टाकणारी काळी स्वयंपाकीण. पुढच्याच वर्षी धंदा दुसऱ्या कंपनीने घेतला आणि त्यांनी त्या नावाला एक जिवंत बाई शोधली. तिचं नाव नॅन्सी ग्रीन. १८३४ मध्ये केंटकीत गुलामीत जन्मलेली.

१८९३ चं शिकागो म्हटलं की आपल्याला विवेकानंद आठवतात. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती सर्वधर्मपरिषद भरली, त्याच प्रदर्शनात एकोणसाठ वर्षांची नॅन्सी ग्रीन पॅनकेक भाजत होती आणि जुन्या मळ्यावरच्या सुखाच्या गोष्टी सांगत होती. त्या गोष्टी कंपनीने रचलेल्या होत्या. दोन वर्षांनी आंट जेमायमाचं म्हणून एक चरित्रही छापलं, तेही रचलेलंच. ज्या बाईने खरोखर गुलामी भोगली होती तिच्याच तोंडून गुलामी गोड होती हे वदवून घेतलं गेलं. इतिहासातली याहून क्रूर जाहिरात मला माहीत नाही, आणि तिच्यात एकही कठोर शब्द नाही.

त्याच प्रदर्शनात आणखी काही चाललं होतं. आयडा बी. वेल्स ही तरुण पत्रकार एक पुस्तिका वाटत होती. काळ्या अमेरिकनांना या प्रदर्शनात स्थान का नाही, हाच त्या पुस्तिकेचा विषय. तिच्यात डग्लसनेही लिहिलं होतं. तो आता म्हातारा झाला होता आणि हैती देशाच्या दालनाचा प्रतिनिधी म्हणून तिथे होता, कारण स्वतःच्या देशाने त्याला तिथे जागा दिली नव्हती. एकाच आवारात एकीकडे पॅनकेकपुढे झुंबड आणि दुसरीकडे हातात ती पुस्तिका. 'त्या काळी' या दोन शब्दांत आपण यातला कुठला भाग ठेवतो आणि कुठला टाकतो?

पुढची हकिगत माझ्या धंद्याची आहे, म्हणून जास्त बोचते. पहिल्या महायुद्धानंतर या पिठाच्या जाहिराती जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात एजन्सीच्या जेम्स वेब यंग याने रचल्या आणि एन. सी. वायथसारख्या थोर चित्रकाराने त्यांची चित्रं काढली. महिलांच्या मासिकांत पानभर येत. मळा, मालक, त्याचे पाहुणे, आणि पडद्याआडून वाफाळती ताटं पाठवणारी ती. रंग अप्रतिम, उजेड अप्रतिम. हाच यंग पुढे कल्पना कशा सुचतात यावर एक छोटी पुस्तिका लिहून गेला आणि ती जगभरच्या जाहिरातवाल्यांनी वाचली. मीही नोकरीच्या पहिल्या महिन्यात वाचली, खुणा करून वाचली. वाईट जाहिराती वाईट कारागिरांनी केल्या असं मानलं की सुटका होते. तशी सुटका इथे नाही.

रेडिओ, टीव्हीवरही तेच. १९२८ पासून दोन गोरे नट काळ्यांचे आवाज काढून 'एमॉस अँड अँडी' सादर करत होते आणि सारी अमेरिका ऐकत होती. १९३१ मध्येच 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वर्तमानपत्राने विरोधात दहा लाख सह्या गोळा करायची मोहीम काढली. ब्रिटनमध्ये तोंडाला काळं फासलेला गाण्यांचा कार्यक्रम बीबीसीने १९५८ ते १९७८, पूर्ण वीस वर्षं चालवला. १९६७ मध्ये तो बंद करा म्हणून निवेदन गेलं, त्यानंतरही अकरा वर्षं. तक्रार नव्हती असं नाही, तक्रारीला किंमत नव्हती.

आता माझं. १९८७ मध्ये मी मुंबईत एका एजन्सीत व्हिज्युअलायझर, म्हणजे जाहिरातीचं चित्र आणि मांडणी आखणारी, होते, नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. गोरेपणाच्या एका क्रीमची रंगीत जाहिरात करायची होती. ती छोटी कंपनी केव्हाच बंद झाली. लेआउट माझा होता. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. मॉडेल एकच, चांगली गोरी मुलगी, एकाच दिवशी एकाच दिव्याखाली काढलेले दोन फोटो. डावीकडचा फोटो रीटचिंगवाले काका एअरब्रशने, म्हणजे रंग फवारायच्या बारीक यंत्राने, काळवंडत बसले होते. नेमका किती, ते ठरेना. आमचे साहेब मागे उभे होते. ते मला म्हणाले, "तुझा हात धर बरं इथे." मी बाही वर सारून हात प्रिंटशेजारी ठेवला. काकांनी रंग जुळवला. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "अजून थोडी डार्क करा."

मी सावळी आहे. आईने माझं स्थळ पाहताना 'निमगोरी' असं लिहिलं होतं, कारण सावळी लिहिलं तर पत्रिका परत येते हे तिला ठाऊक होतं. त्या दुपारी मी काही बोलले नाही. हात काढून घेतला, बाही खाली केली, जाहिरात पूर्ण केली. ती छापून आली, क्लायंट खूश झाला. उद्या कुणी त्या एजन्सीचा इतिहास लिहिला तर तो म्हणेल, १९८७ मध्ये हे सगळ्यांना चालत होतं, स्टुडिओतल्या सावळ्या मुलीलासुद्धा. मला चालत नव्हतं.

आपल्याकडचं रंगाचं वेड आणि अमेरिकेतला वंशद्वेष एकच आहेत असं मी म्हणत नाही. तिथे त्यामागे माणसांची खरेदीविक्री होती. आपल्याकडे रंगाच्या मागे जात आहे, लग्नाचा बाजार आहे, त्याची मुळं वेगळी खणावी लागतील. पण फोटो काळा करण्याची ती कृती, ती मात्र बुचाच्या काजळीचीच. एअरब्रशमुळे ती स्वच्छ दिसत होती इतकंच.

२०२० मध्ये बरंच काही झपाट्याने बदललं. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर अमेरिका रस्त्यावर उतरली आणि जूनमध्ये पिठाच्या कंपनीने आंट जेमायमाचं चित्र आणि नाव दोन्ही काढायचं जाहीर केलं. आता त्या खोक्यावर सेंट जोसेफच्या मूळ गिरणीचं नाव आहे. त्याच महिन्यात आपल्याकडे १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'तला 'फेअर' काढण्याची घोषणा झाली. याच्या खूप आधी, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जनवादी महिला संघटनेने गोरेपणाच्या जाहिरातींविरुद्ध लढा दिला होता. म्हणजे इथेही तेव्हाच सांगून झालं होतं.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगते, कारण ती मला स्वतःला अडवते. नॅन्सी ग्रीननंतर ज्या बायकांनी जेमायमाची भूमिका केली त्यांच्यातल्या काहींच्या वंशजांनी चित्र काढायला विरोध केला. आमच्या आजीने गावोगाव हिंडून कष्टाने पैसे मिळवले, तिला असं पुसून टाकू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि चित्र काढलं तेही पटतं. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या अपघातात गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. तो बसला २०२० च्या सप्टेंबरमध्ये, सत्त्याण्णव वर्षांनी, आणि तोही शिकागोतल्या काळ्या वस्तीच्या इतिहासप्रेमी लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. तोवर तिचा मुखवटा घरोघरच्या ओट्यावर होता.

गेल्या वर्षी एका मुलीने पुढचा प्रश्न विचारला: "मॅडम, मग तुम्ही का नाही बोललात?" मी तिला खरं ते सांगितलं. खोलीचं भाडं होतं, नोकरी नवी होती, आणि साहेबांनी मला दुखवायला ते केलं नव्हतं. त्यांना मी तिथे दिसलेच नव्हते, फक्त हात दिसला होता. ते शब्दांत सांगायला मला फार वर्षं लागली.

त्यानंतर मी तासाच्या शेवटी एक स्लाइड वाढवली आहे. १९८७ ची ती जाहिरात मी जपून ठेवली होती, ती स्कॅन करून घेतली. पिअर्सच्या खाली साल लिहिते तसंच तिच्या खाली लिहिलं आहे आणि सालापुढे, लेआउट म्हणून, माझं नाव.