दाढेच्या गुंगीआधी अडलेला एक कागद

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांपैकी कुठल्याही जिल्ह्यातले असाल आणि दाताच्या भीतीपायी गुंगी घेऊन उपचार करायचा विचार असेल, तर तारीख ठरवण्याआधी सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, आपल्या भागात बराच आढळतो) पूर्ण रिपोर्ट हातात घ्या. ‘पूर्ण’ या एका शब्दापायी माझ्या दोन अक्कलदाढा १९ दिवस तशाच राहिल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

एक्स-रे, रक्तदाब, साखर, सगळं एका सकाळी उरकलं. मग भूलतज्ज्ञांनी विचारलं, “सिकल तपासलंय का?” गावच्या शिबिरातला कागद होता, त्यावर लिहिलं होतं: सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह. त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. “हा रिपोर्ट नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस आणा, मग बोलू.” हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या या दोन तपासण्या.

त्यांचं बरोबर होतं. सोल्युबिलिटीत रक्ताचा थेंब रसायनाच्या नळीत टाकतात. पाणी गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच त्यातून कळतं. माणूस नुसता वाहक (एएस) आहे की आजारी (एसएस), हे त्यात कळत नाही. गुंगीसाठी नेमकं तेच कळावं लागतं. गुंगीत श्वास उथळ होतो, रक्तातला ऑक्सिजन घसरू शकतो. एसएस माणसाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. त्यात उपाशीपोटी पाणी कमी पडलेलं, खोलीत एसीचा गारवा. दोन्ही त्याला पोषकच. अशा रुग्णाची गुंगी मोठ्या रुग्णालयात, सलाईन आधीपासून लावून, फिजिशियनच्या सल्ल्यानेच करतात. वाहकाला सहसा एवढं लागत नाही.

आता अडलेली गोष्ट. सरकारी दवाखान्यात जांभळ्या झाकणाच्या नळीत २ मिली रक्त दिलं. नमुना जिल्ह्याला जातो. आठव्या दिवशी गेलो, तर “नमुने साचल्याशिवाय मशीन लावत नाहीत जी.” तेराव्या दिवशी रिपोर्ट आला, पण माझं आडनाव चुकलेलं आणि वयाच्या जागी दुसराच आकडा. भूलतज्ज्ञ असा कागद घेणारच नाहीत, कारण तो कुणाचा आहे हेच सिद्ध होत नाही. दुरुस्तीला पुन्हा जिल्ह्याला फेरी. खिडकीवर म्हणाले, हाताने खोडून सही करतो. मी नाही म्हटलं, नवी प्रत मागितली. तीही आणखी सहा दिवसांनी मिळाली. ऐन रोवणीत मजुरी बुडवून एका नावापायी दोन फेऱ्या मारायला लावणं मला आजही पटत नाही.

म्हणून नमुना देतानाच आधार कार्ड पुढे ठेवा, नळीवरच्या चिठ्ठीवर नाव स्वतः वाचा आणि नोंदवहीतला क्रमांक मोबाइलमध्ये टिपून घ्या. क्रमांक असला की कागद शोधायला पाच मिनिटं लागतात, नसला की अर्धा दिवस. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधीच सांगा. दुसऱ्याचं रक्त मिसळल्याने रिपोर्ट फसवा येतो. वाहकाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ए (नेहमीचं) जास्त आणि एस साधारण ३० ते ४० टक्के दिसतं. माझं तसंच निघालं, आणि १९ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

गुंगीचे पर्याय तीन आहेत. डायझेपामची गोळी तासभर आधी घेतात, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर; मोहाची किंवा देशी घेतलेल्या माणसाने ती घेतली तर श्वास दबतो, हे लपवू नका. लाफिंग गॅस नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनसोबत देतात. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की तो उतरतो, पण नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही. तिसरा पर्याय शिरेतून मिडाझोलामचा. हातात इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी) लावून एकेक मिलिग्रॅम देतात, थांबतात, बोलणं जड झालं की पुरे. माणूस शुद्धीत असतो, सांगितलं तसं तोंड उघडतो, नंतर बरंचसं आठवत नाही. मी हाच घेतला. तिन्हींत दाढ सुन्न करायचं इंजेक्शन वेगळं द्यावंच लागतं. गुंगी भीती घालवते, दुखणं नाही. दाढेत पू असेल तर आधी तो बरा करा, कारण तिथे सुन्न करायचं औषध नीट धरत नाही.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिलीच. त्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते घरी पाहा. जात नसतील तर भूलतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण गुंगीत श्वास अडला तर नळी घालायला तेवढी जागा लागते.

शिरेतल्या गुंगीआधी ६ तास जेवण बंद. दुधाचा चहाही जेवणातच धरतात, हे पहाटेच्या एसटीने निघणाऱ्यांनी लक्षात ठेवा. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, आणि सिकलवाल्यांनी ते मुद्दाम प्यावं. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्या. साखरेच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा. सोबत मोठा माणूस हवाच, नाहीतर घरी सोडत नाहीत. २४ तास मोटारसायकल नाही, विळा नाही, कुठल्या कागदावर सही नाही.

रिपोर्टचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. हिमोग्लोबिनचा हा प्रकार जन्मभर बदलत नाही, त्यामुळे पुढच्या ऑपरेशनला किंवा बाळंतपणाला हाच कागद चालतो. भावाबहिणींना मात्र आपापली तपासणी वेगळी करावी लागते.