पहिल्या धारेची

"अरे, हे तूस आहे."

आईला अमेरिकेत येऊन चार दिवस झाले होते. गॅरेजमधल्या फळीवरची पारदर्शक पिशवी हातात घेऊन ती उजेडाकडे बघत होती.

"भाताचं तूस. कुठून आलं?"

"विकत आणलंय."

"विकत?"

पौंडाला अडीच डॉलर हा आकडा मी गिळला. आमच्या गावी, रत्नागिरीकडे, भातगिरणीच्या मागे तुसाचा डोंगर असायचा. त्यात उड्या मारून अंग खाजवत घरी आलो की आई पाठीत दोन धपाटे घालायची. तेच तूस मुलगा पोर्टलंडमध्ये दुकानात जाऊन, पैसे मोजून, पिशवीतून घरी आणतो, याचा अर्थ लावायला तिला थोडा वेळ लागला. "बिअरसाठी लागतं" हे माझं स्पष्टीकरण तर पिशवीपेक्षाही वाईट ठरलं.

तूस का लागतं हे सांगायचं तर काकवीपासून सुरुवात करायला हवी.

दोन वर्षं मी घरी बिअर करत होतो ती डब्यातल्या मॉल्ट एक्स्ट्रॅक्टची. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून त्यांचा गोड रस काढायचा आणि तो आटवायचा, ही सगळी उस्तवार कारखान्यात झालेली असते. आपल्या हाती येतो तो दाट तपकिरी पाक, दिसायला थेट काकवी. चमच्याला चिकटतो आणि लक्ष नसलं की पातेल्याच्या बुडाला लागतो. पाणी उकळायचं, हा पाक ओतायचा, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं. अडीच तासांत मोकळे. तीन-चार आठवड्यांनी पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर बिअर तयार.

आणि ती चांगली व्हायची. एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला नाकं मुरडणारे लोक आहेत. चटणी पाट्यावरच वाटली पाहिजे म्हणणाऱ्यांच्या गोत्रातले. मला त्यांचं फारसं पटत नाही. तरीही तयार मसाल्याचं पाकीट फोडून केलेला चिवडा "घरचा आहे हं" म्हणून शेजारी देताना जी बारीक टोचणी असते, ती मला होती. आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ तीसेक वर्षं घरी बिअर करतात. माझी बाटली पिऊन त्यांनी सहज विचारलं, "मॅश किती तापमानाला केलास?" मी म्हटलं, एक्स्ट्रॅक्टची आहे. ते म्हणाले, "ओह, नाइस." त्या 'नाइस'वर मी आठवडाभर झोपलो नाही, असं म्हणणं जरा जास्त होईल, पण पुढच्या शनिवारी मी दहा पौंड जव भरडून घेऊन आलो.

साधन म्हणजे एक मोठा गोल कूलर. सहलीला सरबत न्यायला वापरतात तो, दहा गॅलनचा. त्याची तोटी काढून पितळी व्हॉल्व्ह बसवायचा आणि तळाशी भोकांची स्टीलची चकती. यात भरडलेले जव आणि गरम पाणी एक तास झाकून ठेवायचं. मॅश म्हणतात तो हाच. ऐकायला सोपं आहे.

सगळी गंमत तापमानात असते. मोड आणताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं जागी होतात आणि ती पिठाची साखर करतात. त्यातली अल्फा ऊसतोडणी कामगारासारखी: लांबलचक साखळीत मध्येच कुठेही कोयता घालते. बीटा कडेला बसून टोकापासून पेर-पेर सोलत जाते. बीटाला पाणी जरा कोमट लागतं, साठ-पासष्ट सेल्सिअस. अल्फाला सत्तरच्या आसपास बरं वाटतं. दोघींना एकाच घरात नांदवायचं तर १५२ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७ सेल्सिअस. खाली गेलात तर बीटाचं राज्य, यीस्ट जवळजवळ सगळी साखर फस्त करतं आणि बिअर कोरडी, पातळ होते. वर गेलात तर अंगाने भरलेली, गोडसर. साठ आणि सत्तरच्या मधल्या त्या बोळात एक्स्ट्रॅक्टवाल्याला कधी पाऊलच टाकावं लागत नाही. त्याच्या वतीने कारखान्यातला कोणीतरी आधीच जाऊन आलेला असतो.

जानेवारी होता. गणिताप्रमाणे मी पाणी १६६ फॅरनहाइटला तापवलं. गणितात धान्य घरातल्या उबेतलं धरलेलं होतं, माझं धान्य रात्रभर गॅरेजमध्ये काकडलेलं. कूलरही थंडगार, आधी गरम पाण्याने विसळून घ्यायला हवा हे मला नंतर कळलं. जव ओतले, ढवळले, थर्मामीटर घातला: १४५. मी किटलीभर उकळतं पाणी आणायला स्वयंपाकघराकडे पळालो, येताना पायरीवर थोडं सांडलं, कूलरचं झाकण उघडंच राहिलं होतं. मग १४४.

तासाभराने आयोडिनची परीक्षा घेतली. बशीत एक थेंब रस, त्यावर एक थेंब आयोडिन. शाळेत बटाट्यावर करायचो तीच: निळं-काळं झालं तर पीठ शिल्लक आहे. माझा थेंब तांबूसच राहिला. त्या एका थेंबावर मी इतका खूष झालो की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

ही चूक. धारेचा जोर होता त्याने वरचं धान्य खाली खेचलं गेलं, घट्ट दाबून बसलं, आणि दीड-दोन लिटर आल्यावर धार बारीक झाली, मग थेंब, मग काहीच नाही. खाली रिकामं पातेलं, वर कूलरभर गोड चिखल, आणि मी गुडघ्यांवर बसून तोटीत फुंकर मारतोय. बायको दारात येऊन काही न बोलता परत गेली. शेवटी सगळं ढवळून, निवळू देऊन, दोन तास थेंब-थेंब गाळलं. रसात साखर किती उतरली ते घनतेवरून कळतं, साध्या पाण्याची १ धरून. १.०५२ यायला हवी होती, आली १.०४१. साडेचार टक्क्यांची, फिकट, ताकासारखी पातळ बिअर झाली. त्या गृहस्थांना मी तीही दिली. ते म्हणाले, "तुसं घाल." जवाला स्वतःचं तूस असतं आणि गाळणीचं काम खरं तेच करतं, पण भरड बिघडली, हात घाईचा असला, तर भाताचं थोडं तूस मिसळलं की धान्य मोकळं राहतं आणि रस वाट काढतो. अशी ती पिशवी आली.

आई धास्तावली होती ती वेगळ्याच कारणाने. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आहे आणि घरात दारू गाळणं म्हणजे हातभट्टी, हे तिच्या डोक्यात पक्कं. मी तिला सांगितलं की इथे १४ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षीपासून घरापुरती बिअर करायला केंद्राची ना नाही. एकट्या सज्ञान माणसाच्या घरी वर्षाला शंभर गॅलन, दोघे किंवा जास्त असतील तर दोनशे. बायको थेंबाला शिवत नाही, पण तिच्या नावावरचे शंभर गॅलन मी रेशनच्या साखरेसारखे बिनदिक्कत वापरतो. "मग मी आले, माझे किती?" आईने विचारलं. दोनशेच्या पुढे वाढत नाहीत म्हटल्यावर तिला, मला वाटतं, थोडा अपमान वाटला.

दुसऱ्या वेळी ती गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसली. हातात लसणीच्या पाकळ्या, सोलायला. मी भरडलेले जव दाखवले तर तिने चिमूटभर तोंडात टाकले.

"मोड आणून वाळवलेत."

"तुला कसं कळलं?"

"गोड लागतायत. तुला लहानपणी नाचणीचं सत्त्व कशाचं करून घालत होते? तीन दिवस फडक्यात मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, दळून वस्त्रगाळ करायचं. मोडाच्या नाचणीची पेज पातळ होते, बाळाला गिळायला सोपी."

पेज पातळ होते ती अमायलेजमुळेच. पिठाच्या साखळ्या तुटतात म्हणून. दोन वर्षं पुस्तकं वाचून मी जे शिकलो होतो ते माझ्या पोटात सहाव्या महिन्यापासून होतं. मी तसं बोलून दाखवलं नाही; तिने दाखवलं असतं.

पाण्याबद्दलही तिचं मत तयार होतं. "इथलं पाणी हलकं आहे. डाळ एका शिट्टीत शिजते. पुण्याला तुझ्या मावशीकडे बोअरच्या पाण्यात तूर तासभर टणक." पोर्टलंडचं पाणी बुल रनच्या जंगलातून, पावसाचं येतं, क्षार जवळजवळ नाहीत. एक्स्ट्रॅक्टच्या डब्यात क्षार आधीच असतात म्हणून मी पाण्याचा विचारही केला नव्हता. आता मॅशमध्ये चमचाभर जिप्सम, म्हणजे एक क्षारच, घालतो. बाकी जगभर पाण्याचे अहवाल मागवतात. आमच्याकडे डाळ आहे.

या वेळी कूलर आधी तापवला, धान्य रात्री घरात आणून ठेवलं, तूस मिसळलं. थर्मामीटर १५२ वर थांबला. तासाने व्हॉल्व्ह अगदी जपून, जेमतेम उघडला. आधी गढूळ रस आला तो मी भांड्यात घेऊन हळूच परत वर ओतला.

"कट," आई म्हणाली.

"काय?"

"पुरणाचा कट काढतोयस. डाळ दाबली की निथळत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?"

दोन-तीनदा ओतल्यावर रस स्वच्छ झाला, मधाच्या रंगाचा. ही पहिली धार सगळ्यात दाट. मी ते मोठ्याने बोललो आणि आईने लसूण सोलायची थांबवून माझ्याकडे पाहिलं, कारण "पहिल्या धारेची" म्हणजे काय हे कोकणातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. मग वरून ७७ अंशांचं पाणी हळूहळू सोडून धान्याला चिकटलेली साखर उतरवून घ्यायची. याला इथे स्पार्जिंग म्हणतात. ताकाचं भांडं विसळून पिणाऱ्या माणसाला या शब्दाची गरज नाही.

तिला वाटीभर रस चाखायला दिला. अजून उकळलेला नाही, यीस्ट नाही, दारूचा अंशही नाही. तिने फुंकर घालून घोट घेतला, मग दुसरा. आत जाऊन वेलची कुटून आणली, वर थोडी सुंठ. वाटी संपवली.

"हे एवढं छान झालंय," ती म्हणाली, "आणि आता तू याचं काय करणार?"

"कडू हॉप्स घालून उकळणार. मग आंबवणार."

हॉप्सची पुडी तिने हुंगली. कॅस्केड, इथून दीड तासावरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तयार झालेला, १९७२ चा वाण. ज्यावर अमेरिकेतले लोक संत्र्याच्या सालीचा वास म्हणून जीव टाकतात. "काडेचिराईत," आईने निकाल दिला आणि लसूण घेऊन आत गेली.

चोथ्याचं तिने दुसऱ्या दिवशी थालीपीठ लावलं. चव उत्तम, तूस घशाला टोचत होतं, आणि भाताचं तूस कोणी मिसळलं होतं याची आठवण मला प्रत्येक घासाला करून देण्यात आली.

घनता १.०५० आली. बाटली मात्र एक कमी भरली. तेव्हापासून माझ्या वहीत जव, पाणी, जिप्सम यांच्या खाली एक ओळ असते: आईला, आंबवायच्या आधी, दोन वाट्या. ती परत गेल्यावरही मी ती खोडलेली नाही. वेलची मला तितकीशी आवडत नाही, सुंठ घालून पितो.