आमची वाटचाल : थांबलेल्या इंजिनांचा धंदा

गोव्यात काहीतरी बंद पडलं की आमच्याकडे काम वाढतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण आमच्या वर्कशॉपची गोष्ट तिथूनच सुरू होते.

बाबा वेंगुर्ल्याहून आले ते ट्रकचे डिझेल मेकॅनिक म्हणून. मांडवीवर तेव्हा खनिज वाहणाऱ्या बार्जची, म्हणजे सपाट मालवाहू बोटींची, रीघ असे. बेतीला नदीकाठी पत्र्याची शेड घेऊन त्यांनी बार्जची इंजिनं उघडायला सुरुवात केली. पावसात मांडवीच्या मुखाशी वाळू साचून वाट अडली तरी बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव बंदर गाठत. त्यामुळे दुरुस्ती व्हायची ती चालत्या इंजिनांची. बंद इंजिन कसं सांभाळायचं, हे विचारायला कुणी येतच नसे.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. बार्ज जिथे होत्या तिथे नांगरल्या गेल्या. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, असंच सगळे म्हणत होते. २०१४ मध्ये बंदी उठली आणि इंजिनं आमच्याकडे यायला लागली. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या, डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि त्यावर काळा बुळबुळीत गाळ (पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात), समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) एका अंगाला दबून कडक झालेला. चालून झिजलेलं यांत काहीच नव्हतं. इंजिन बंद ठेवण्याचीही मजुरी घेता येते, हे आम्हाला तेव्हा उमगलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. या वेळी मालकांचे फोन आधी आले.

इंजिन बंद ठेवण्याचं काम दिसायला सोपं आहे. इंजिन चांगलं तापवायचं आणि गरम असतानाच ऑइल काढायचं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते महिनोनमहिने बेअरिंगला खात बसतं. म्हणून ‘ऑइल ऑगस्टमध्ये बोट परत काढतानाच बदलू, आता कशाला खर्च’ म्हणणाऱ्या पात्रावांशी (मालकांशी) आमची दरवर्षी हुज्जत होते. नवं ऑइल घालून इंजिन थोडं फिरवायचं, डिझेलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे दमट हवेला आत जागा राहत नाही. खाऱ्या पाण्याची बाजू गोड्या पाण्याने धुऊन इंपेलर काढून ठेवायचा, हवेचं आणि धुराचं तोंड घट्ट बांधायचं. मग अधूनमधून क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरवायचा. कंपन्यांच्या पुस्तकांत निम्मी पानं पाणी गोठू नये म्हणून काय करावं यावर असतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, मीठ आणि दमटपणा पुरे आहेत. तरीही कूलंटऐवजी नुसतं पाणी भरू नका, कूलंट गंजही रोखतं.

खाणींच्या भरवशावर राहायचं नाही, असं ठरवून आम्ही आउटबोर्डकडे, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांकडे, वळलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, कळंगुट-बागाच्या वॉटरस्पोर्ट्सच्या बोटीही पावसाळ्यात वर ओढलेल्या असतात. मे संपताना ट्रॉलरवरचे खलाशी गावी निघतात आणि आमची शेड भरते. आउटबोर्ड गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) उघडेपर्यंत चालवावा लागतो. त्याआधी बंद केला तर आतल्या वाटांत मीठ तसंच राहतं. मग कार्ब्युरेटर रिकामा करतो, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (आतून गंज रोखणारं तेल) फवारतो, गिअर ऑइल काढून बघतो. ते दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय. पुष्कळदा पंख्याच्या शाफ्टला गुंडाळलेला तंगूसच (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सील कापतो. मशीन ठेवायचं ते उभंच, म्हणजे पाणी निथळून जातं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा बोटी पेट्रोलसकट किनाऱ्यावर अडकल्या. पुढचे कितीतरी महिने आम्ही फक्त कार्ब्युरेटर साफ करत होतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट खाली बसतं आणि इंजिनाला नेमकं तेच मिळतं. म्हणून आउटबोर्डच्या टाकीत जुनं पेट्रोल ठेवून आलात तर आम्ही ते आधी काढतो, मगच मशीन आत घेतो. यावर सवलत नाही, ओळखीच्यांनाही नाही.

नोंदणी एप्रिलमध्ये करा, मेच्या शेवटी जागा राहत नाही. इंजिन परत देताना मालकासमोर सुरू करून दाखवतो. सुरुवातीला पांढऱ्या धुराचा लोट निघेल, घाबरून आम्हाला फोन करू नका. फॉगिंग ऑइल जळतंय. धूर थांबला की प्लग बदलून देतो, त्याचे पैसे बिलात आधीच धरलेले असतात.