नागोयाच्या फेऱ्या आणि लाउंजचा हिशेब

पुण्याच्या माणसाला मुंबईहून विमान पकडायचं असेल तर विमानाची वेळ बघून निघता येत नाही, घाटाची वेळ बघून निघावं लागतं. सिंगापूरचं विमान रात्री उशिरा असलं तरी आमची गाडी चार वाजताच कोथरूड सोडते. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर ती घाई कामाला येते, आणि नाही झाला तर आपण साडेसातलाच टी-टूवर हजर. काउंटर उघडायचंय, बॅगा पायाशी, वॉशरूमला जायचं तरी ट्रॉलीसकट. आत गेल्यावरही दोन-अडीच तास काढायचेच. पन्नाशीत, कंबरेचा पट्टा सॅकमध्ये घेऊन फिरणाऱ्या बाईला लाउंज ही चैन वाटत नाही.

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी बघते. आमचा मोठा ग्राहक जपानमध्ये नागोयाजवळ आहे, त्यामुळे वर्षातून बऱ्याचदा सिंगापूरमार्गे तिकडे जावं लागतं, तेही इकॉनॉमीत. बिझनेस क्लास आमच्याकडे डायरेक्टरच्या खाली उतरत नाही.

आधी क्रेडिट कार्डावर भागवून पाहिलं. मशीनवर दोन रुपये कापले जायचे की आत, असे ते दिवस होते. मग बँकेने अट घातली की मागच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केला असेल तरच प्रवेश. एका रात्री काउंटरवरच्या मुलीने कार्ड दोनदा फिरवलं आणि "मॅडम, एलिजिबल दाखवत नाहीये" असं मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे सांगितलं. त्यात बऱ्याच कार्डांचं फुकट लाउंज देशांतर्गत बाजूलाच चालतं. आंतरराष्ट्रीय बाजूला वेगळं कार्ड काढा, त्याच्या वर्षाच्या भेटी मोजा, पाहुण्याचे पैसे वेगळे भरा. लाउंजसाठी दर तिमाहीला खरेदी करत बसणं मला पटेना. एवीतेवी विमानातून फिरतेच आहे, तर त्या फिरण्यावरच दार उघडायला हवं.

म्हणून फ्रिक्वेंट फ्लायरच्या, म्हणजे उडाल्याचे माइल्स किंवा पॉइंट जमा करणाऱ्या विमान कंपन्यांच्या योजनांच्या, नादाला लागले. यात पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट अशी की कार्ड एका कंपनीचं असलं तरी लाउंजचं दार बहुतेक वेळा ती कंपनी ज्या विमान कंपन्यांच्या गटात आहे तो गट उघडतो. गट तीन: स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम. स्टारमधल्या कुठल्याही कंपनीच्या योजनेत तुम्ही गोल्डच्या पायरीला पोचलात, तर गटातल्या कुठल्याही कंपनीच्या विमानाने निघताना लाउंज मिळतं, तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी. सोबत एक पाहुणाही नेता येतो, फक्त त्याचंही विमान स्टारचंच हवं. वनवर्ल्डमध्ये हीच सोय सफायर पायरीला आहे, तर स्कायटीममध्ये एलिट प्लसला, पण ती आंतरराष्ट्रीय प्रवासापुरती. भारतातून बघायचं तर एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये आहे. बाकी दोन गटांत एकही भारतीय कंपनी नाही. आणि पुणे-दिल्लीला आपण सगळे ज्या इंडिगोने जातो ती कुठल्याच गटात नाही, त्यामुळे तिथे कुणाचंही गोल्ड कार्ड दाखवून उपयोग नाही. एअर इंडिया एक्सप्रेसही स्टारमध्ये नाही. तिकिटावर नंबर एअर इंडियाचा आणि उडवणार एक्सप्रेस, असं असेल तर उडवणारी कंपनी धरली जाते. काउंटरवर जाऊन वाद घालण्यापेक्षा तिकिटावरची "ऑपरेटेड बाय"ची बारीक ओळ आधी वाचलेली बरी.

मग प्रश्न आला की स्टारमधल्या कुणाकडे खातं उघडायचं? सगळ्यांचं गोल्ड दाराशी जवळजवळ सारखंच चालतं, पण तिथवर चढायच्या शिड्या फार वेगवेगळ्या आहेत. बहुतेक लोक ज्या कंपनीने जास्त उडतात तिचाच फॉर्म भरून मोकळे होतात. मी मात्र आधी सगळ्यांच्या अटी एका एक्सेल शीटमध्ये मांडल्या. क्वालिटीवाल्यांना शीट केल्याशिवाय झोप येत नाही.

आमच्याच मजल्यावरचा एक सहकारी जर्मनीला जातो, म्हणून लुफ्तान्साचा हिशेब त्याच्यासाठी केला. २०२४ पासून त्यांच्या माइल्स अँड मोअरमध्ये स्टेटससाठी अंतर मोजत नाहीत, पॉइंट मोजतात. खंडाबाहेरच्या इकॉनॉमी उड्डाणाला १५, युरोपातल्या उड्डाणाला ५. म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट-हँबुर्ग जाऊन येऊन ४०. त्यांच्या फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर पायरीला ६५० पॉइंट लागतात आणि ती मिळाली की लुफ्तान्साच्या उड्डाणांना त्यांचं लाउंज मिळतं. सोळा फेऱ्या केल्या तरी दहा पॉइंट कमीच पडतात. खरं गोल्ड, म्हणजे सेनेटर, २,००० ला. एका वर्षात पन्नास फेऱ्या! त्याने शीट बघितली, हसला आणि चहा घ्यायला गेला. हा कार्यक्रम बिझनेसने उडणाऱ्यांसाठी आखलाय, आणि त्यात काही लपवाछपवीही नाही.

टर्किश एअरलाइन्सच्या शिडीचं नाव पुष्कळ जण घेतात, कारण मी पाहिलं तेव्हा ४०,००० माइल्सला गोल्ड आणि ते दोन वर्षं टिकणारं होतं. पण इस्तंबूल माझ्या वाटेवर नाही, आणि गटातल्या दुसऱ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटं तिथे जमा केली की त्यांचे माइल्स फार थोडे येतात. एमिरेट्सचं सिल्व्हर २५,००० टियर माइल्सला मिळतं आणि दुबईचं लाउंज उघडतं, पण ती गटाबाहेरची कंपनी. दुबईला सतत जाणाऱ्यांनी जरूर घ्यावं. एअर इंडियाचा कार्यक्रम २०२४ मध्ये बदलला आणि आता तिकिटावर किती पैसे मोजले यावर पॉइंट मिळतात. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्तारावाल्यांची टियर तिकडे वर्ग झाली. विस्तारा कुठल्याच गटात नव्हती, त्यामुळे आमच्या सेल्समधल्या एकाच्या हाती काही न करता स्टार गोल्ड आलं. त्याचा हेवा वाटला, पण मी विस्ताराने फारशी उडालेच नव्हते.

खरी चुरस आना (ऑल निप्पॉन एअरवेज) आणि सिंगापूर एअरलाइन्समध्ये होती. जपानला जायचं तर जपानी कंपनी, हे ऐकायला सरळ वाटतं. पण आना मुंबईहून टोकियोला नेते, तिथून नागोयासाठी पुन्हा धावपळ. शिवाय तिच्या योजनेत प्लॅटिनमला, म्हणजे स्टार गोल्डला, ५०,००० प्रीमियम पॉइंट लागतात, त्यातले निम्मे आनाच्याच उड्डाणांवर, आणि मोजणी जानेवारी ते डिसेंबर. इथेच ती माझ्या यादीतून गेली. आमची ऑडिटं ऑक्टोबरात सुरू होतात आणि मार्चअखेरीला संपतात. निम्म्या फेऱ्या एका वर्षात पडणार, निम्म्या दुसऱ्यात, आणि १ जानेवारीला मीटर शून्यावर.

सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेतही गोल्डला ५०,००० एलिट माइल्सच लागतात, पण सलग कुठल्याही बारा महिन्यांत. ऑक्टोबर ते सप्टेंबर धरा, नाहीतर फेब्रुवारी ते जानेवारी. मुंबई-सिंगापूर साधारण २,४०० मैल आणि पुढे नागोया ३,१०० च्या आसपास. जाऊन येऊन ११,००० च्या घरात. पाच फेऱ्या झाल्या की गोल्ड.

म्हणजे पूर्ण माइल्स मिळाले तर! सिंगापूरच्या इकॉनॉमीत लाइट, व्हॅल्यू, स्टँडर्ड, फ्लेक्सी असे भाव असतात. लाइटवर एलिट माइल्स निम्मेच. लाइटवर मुंबई-सिंगापूरच करत बसलं तर गोल्डला एकवीस फेऱ्या लागतील. लाउंजवर बोलणारे लोक कंपनी, गट, लाउंजमधला डोसा यावर तासभर बोलतील, पण तिकीट कुठल्या भावाचं आहे हे विचारा, कुणालाच माहीत नसतं. आणि सगळं तर त्यावरच अडलेलं असतं.

मी आमच्या ट्रॅव्हल डेस्ककडे गेले. तिकडचे काका सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचे, आणि मग नागोयाहून "मीटिंग गुरुवारी घेऊ" असा मेल आला की तारीख बदलायचे पैसे भरायचे. मी मागच्या तिकिटांचे बदलाचे चार्जेस त्यांच्याकडूनच मागून घेतले आणि भाड्यात मिळवून दाखवले. बऱ्याच वेळा लाइट अधिक दंड ही बेरीज स्टँडर्डच्या जवळ जात होती, कधी वरही. "मॅडम, हे अकाउंट्सला दाखवा, मला नका दाखवू," असं ते म्हणाले. अकाउंट्सला दाखवलं. माइल्सचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही, करायचं कारणही नव्हतं. तारीख नक्की नसलेल्या प्रवासाला स्टँडर्ड काढायची परवानगी मिळाली.

खातं उघडायला ऑनलाइन पाचेक मिनिटं पुरतात, पैसे लागत नाहीत. फक्त नाव लिहिताना आपल्या मराठी नावांची गंमत लक्षात ठेवावी. माझ्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, पॅनवर वडिलांचं, आणि ऑफिसच्या मेलवर नुसतं आद्याक्षर. खात्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर माइल्स अडकतात, म्हणून पासपोर्ट समोर ठेवून त्यात जसं होतं तसंच भरलं. नंबर ट्रॅव्हल डेस्कच्या प्रोफाइलमध्ये टाकून घेतला आणि पहिल्या प्रवासाचे बोर्डिंग पास माइल्स जमा होईपर्यंत जपून ठेवले. दुसरी गोष्ट म्हणजे खात्यात दोन आकडे दिसतात. क्रिसफ्लायर माइल्स तिकीट काढायला वापरायचे. एलिट माइल्स फक्त पायरी ठरवतात. क्रेडिट कार्डाचे पॉइंट वळवले तर पहिला आकडा वाढतो, दुसरा जागचा हलत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी लाखभर पॉइंट वळवून गोल्डची वाट बघितली होती, म्हणून सांगते.

सिल्व्हर २५,००० ला मिळालं. त्यावर लाउंज नाही, हे माहीत होतं. पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी ॲपमध्ये रंग बदलला.

त्यानंतरच्या फेरीत टी-टूच्या काउंटरवर बोर्डिंग पासबरोबर लाउंजची चिठ्ठी मिळाली. मुंबईतलं लाउंज ठीकठाक आहे: पुलाव, पनीर, मशीनची कॉफी आणि मोठ्याने फोनवर बोलणारे काका. पण पाठ टेकायला खुर्ची होती आणि बॅगेकडे बघत बसावं लागत नव्हतं. सिंगापूरला मात्र एक गोष्ट आधीच कळलेली बरी. तिथल्या चांगी विमानतळावर सिल्व्हरक्रिस लाउंज बिझनेसवाल्यांचं. इकॉनॉमीचं तिकीट असलेल्या गोल्डला शेजारच्या क्रिसफ्लायर गोल्ड लाउंजमध्ये पाठवतात. टर्मिनल तीनच्या जिन्यावरून वर आलं की एकच स्वागतकक्ष दिसतो, तिथली मुलगी पास स्कॅन करते आणि हसून हात एका बाजूला करते. त्या हाताकडे बघूनच आपली जात कळते! सकाळी सहाला तिथे गरम लाक्सा, म्हणजे तिखट नूडल सूप, बघून आपल्याला नको वाटतं. मी टोस्ट, अंडं आणि दोन कप चहा घेऊन खिडकीजवळ पाय वर करून बसते. नागोयाचं विमान निघेपर्यंत रिपोर्टची पहिली पानं होऊन जातात.

गोल्डमुळे आणखीही काही मिळतं, पण ते कुणी आधी सांगत नाही. जिथे सामान किलोवर मोजतात तिथे २० किलो जास्त. जपानहून येताना सुऱ्या आणि चिनी मातीचे वाडगे आणणाऱ्या बाईला हे लाउंजपेक्षा कमी नाही.

सगळ्यात मजा आली ती अमेरिकेत. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो आणि कामासाठी युनायटेडने सतत उडतो. त्याच्याकडे त्यांच्याच माइलेजप्लसचं गोल्ड आहे. पण युनायटेडचा नियम असा की त्यांच्या स्वतःच्या गोल्डला देशांतर्गत प्रवासात युनायटेड क्लब मिळत नाही, आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच मिळतो. त्यांना त्या क्लबचं वर्षाचं सदस्यत्व विकायचं असतं. दुसऱ्या देशातल्या कंपनीचं स्टार गोल्ड असेल तर मात्र देशांतर्गतलाही दार उघडं. नेवार्कहून आम्ही दोघं शिकागोला मावशीकडे निघालो होतो. त्याने सवयीने गेटजवळची खुर्ची धरली. मी म्हटलं, "चल रे, वर जाऊ." "ताई, मला नाही मिळत आत." "तू माझा पाहुणा आहेस." क्लबच्या दारात माझं सिंगापूरचं कार्ड स्कॅन झालं, दिवा हिरवा झाला, आणि वर्षानुवर्षं युनायटेडला पैसे देणारा माझा भाऊ चाकणच्या बहिणीच्या मागून आत आला. त्याने लगेच फोन काढून त्याची पुढची तिकिटं कुठे जमा करता येतील ते बघायला सुरुवात केली. मी त्याला माझी शीट पाठवली आहे. त्याच्या तिकिटांच्या भावाचा रकाना त्यालाच भरायचाय.

माझं गोल्ड बारा महिन्यांचं आहे आणि राखायचं तर पुन्हा ५०,००० लागतात. यंदा नागोयाच्या बऱ्याच मीटिंगा टीम्सवर उरकल्या गेल्या, त्यामुळे आकडा मागे आहे. निव्वळ पायरी टिकवायला स्वतःच्या पैशाने सिंगापूरची फेरी मारणारे लोक मला माहीत आहेत. मी नाही जाणार. तेवढ्या पैशात मुंबईच्या लाउंजला कितीतरी वेळा रोख भरून बसता येईल. ऑक्टोबरच्या ऑडिटच्या तारखा आल्या की बघू, तोवर ट्रॅव्हल डेस्कच्या काकांना स्टँडर्डची आठवण करून दिली आहे.