सुया कपाटात गेल्या तेव्हा

२०१६चा नोव्हेंबर संपत आला होता. दुपारच्या सुटीत डबा बाजूला ठेवून मी नाइसची, म्हणजे कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या इंग्लंडमधल्या संस्थेची, नवी गाइडलाइन उघडली. विषय होता कंबरदुखी आणि सायटिका (कंबरेतून पायात उतरणारी कळ), म्हणजे माझं रोजचंच काम. वाचता वाचता एका ओळीपाशी थांबले. कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका, असं तिथे लिहिलं होतं.

मी इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, फिजिओ आहे. मे २००९ मध्ये याच संस्थेने कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करा, असं सांगितलं होतं. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त दहा वेळा. त्यानंतर मी शनिवार-रविवार मोडून सुया टोचायला शिकले. पुढची काही वर्षं रोज टोचत होते. टेबलावरून उठताना पेशंट हलकं वाटतंय म्हणायचे आणि मलाही बरं वाटायचं. त्यामुळे ती ओळ वाचून मन खट्टू झालं. पण नुसती शिफारस वाचून ठेवून द्यायची नाही, असं ठरवलं. घरी आल्यावर तिच्यामागची पुराव्यांची जाडजूड कागदपत्रं काढून बसले.

आधी नाइसविषयी थोडं. एप्रिल १९९९ मध्ये ही संस्था सुरू झाली. तेव्हा एकाच आजाराचं एकच औषध एका भागात मिळायचं आणि शेजारच्या भागात मिळायचं नाही. राहत्या घराचा पिनकोड उपचार ठरवायचा, हे थांबवणं हा मोठा हेतू होता. आज तिचं काम मुख्यतः दोन तऱ्हेचं आहे. एखादं नवं औषध घ्यावं की नाही ते ठरवणं हे एक. तिथे होकार आला की एनएचएसला साधारण तीन महिन्यांत ते उपलब्ध करून द्यावं लागतं. दुसरं काम गाइडलाइनचं. तिच्या समितीत डॉक्टर, नर्स, फिजिओ असतात आणि निदान दोन सामान्य माणसंही असतात, ज्यांनी तो आजार स्वतः भोगलेला असतो किंवा घरात पाहिलेला असतो. मसुदा खुला होतो, नोंदणी केलेल्या संस्था सूचना पाठवतात, आणि प्रत्येक सूचनेला दिलेलं उत्तर छापलं जातं. त्या रात्री मी ही उत्तरंसुद्धा वाचली. ‘आमचे पेशंट बरे होतात’ एवढ्या म्हणण्यावर समिती का थांबत नाही, हे मला तिथे समजलं.

कारण पेशंट बरे होतातच. कंबरदुखी मुळात चढउतारांची असते. दुखणं असह्य झालं की माणूस आमच्याकडे येतो, आणि त्यानंतर ते बरेचदा आपोआप उतरणार असतं. त्यात कुणी अर्धा तास आपुलकीने विचारपूस करतं, हात लावतं. सुईचा स्वतःचा वाटा किती, हे कळायचं तर खोटी सुई हवी. अभ्यासांत बोथट टोकाची, स्वतःच्याच दांड्यात आत सरकणारी सुई वापरतात. टोचल्यासारखी वाटते, पण कातडीत जात नाही. २०१६च्या समितीने हाच प्रश्न आधी विचारला, खोट्या सुईपेक्षा खरी सुई कंबरेला किती सरस? उत्तरात पुरेसा फरक दिसला नाही.

पॅरासिटामॉलचंही तेच झालं. २००९ मध्ये ती कंबरदुखीची पहिली गोळी होती. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सुमारे १६५० पेशंटांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ताज्या कंबरदुखीत नियमित गोळी घेणाऱ्यांतले निम्मे १७ दिवसांत बरे झाले, लागेल तेव्हा घेणाऱ्यांतले निम्मे १७ दिवसांत, आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, घेणाऱ्यांतले निम्मे १६ दिवसांत. हे आकडे मी कितीतरी पेशंटांना कागदावर लिहून दाखवलेत. नव्या गाइडलाइनमध्ये नुसतं पॅरासिटामॉलही गेलं.

गाइडलाइनची भाषा नीट वाचायला मी तेव्हापासून शिकले. ‘ऑफर’ असेल तर पुरावा भक्कम आहे. ‘कन्सिडर’ असेल तर तो त्याहून पातळ आहे, तेव्हा समोरच्या माणसाशी बोलून ठरवा. ‘मस्ट’ शक्यतो कायद्याचं बंधन असेल तिथेच येतं. हाताने करायच्या उपचारांना २०१६ मध्ये ‘कन्सिडर’ मिळालं, तेही व्यायामाच्या जोडीनेच. नव्या फिजिओंना मी आधी हे शब्द शिकवते, मग शिफारशी.

माझ्या सुया कपाटात गेल्या. सोमवारी एका आजोबांना सांगावं लागलं की ठरलेल्या दहापैकी उरलेल्या चार वेळा आता होणार नाहीत. त्यांनी विचारलं, “मग इतके दिवस का टोचत होतात?” मी म्हटलं, “तेव्हा जे माहीत होतं त्यावरून. आता जास्त माहीत झालंय.” ते खिन्न झाले, पण गटातल्या व्यायामाला यायला लागले.

एप्रिल २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेची गाइडलाइन आली. म्हणजे फायब्रोमायल्जियासारखी (अंगभर दुखत राहणारी) दुखणी, जिथे वेदना हाच आजार असतो. तिथे पॅरासिटामॉल सुरू करू नका, ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) सुरू करू नका, आणि अ‍ॅक्युपंक्चर? ‘कन्सिडर’. या दुखण्यात खोट्या सुईशी तुलना करूनही तीन महिन्यांपर्यंत फरक दिसला होता. मग हिशेब मांडला गेला. नाइस उपचाराचा फायदा क्वालीत मोजते. एक क्वाली म्हणजे पूर्ण आरोग्यातलं एक वर्ष. एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा तिने वर्षानुवर्षं वापरली. सुया त्या हिशेबात बसाव्यात म्हणून अटी आल्या. एकच कोर्स, तो हॉस्पिटलबाहेरच्या, वस्तीतल्या दवाखान्यात, टोचणारी व्यक्ती बँड सातची (बँड म्हणजे एनएचएसची पगारश्रेणी) किंवा त्याखालची, आणि सगळ्या भेटी मिळून जास्तीत जास्त पाच तास.

मी बँड सातची आहे. कपाट उघडून जुन्या सुयांच्या पाकिटांवरच्या तारखा पाहिल्या. सगळ्या उलटून गेल्या होत्या. नव्या मागवल्या आणि डायरीत पाच तासांची वाटणी केली. पहिली भेट पाऊण तासाची, मग अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आठ. पंधरा मिनिटं उरतात, ती शेवटच्या भेटीत बोलायला ठेवली आहेत.