मेथीदाण्यांचा लेप केसांसाठी नेमके काय करतो

केसांसाठी स्वयंपाकघरातील ज्या मसाल्यांची नावे घेतली जातात, त्यांत मेथीदाण्यांची शिफारस बहुधा सर्वांत जास्त होते आणि अतिशयोक्तीही त्यांच्याच वाट्याला सर्वाधिक येते. मी मेथीचा लेप नियमितपणे लावते आणि पुढेही लावणार आहे. मात्र गळलेले केस त्यामुळे पुन्हा उगवतात म्हणून नव्हे, तर आहेत ते केस मऊ राहतात आणि विंचरताना कमी तुटतात म्हणून.

हा गुण दाण्याच्या घडणीतूनच येतो. रात्रभर भिजलेला मेथीदाणा बोटांच्या चिमटीत दाबून पाहिला, तर वरची साल सुटते आणि तिच्याखालचा पारदर्शक, बुळबुळीत थर हाताला लागतो. हा थर मुख्यतः गॅलॅक्टोमॅनन नावाच्या पिष्टमय तंतूचा असतो आणि तो पाणी शोषून फुगतो. केसांवर त्याचे पातळ आवरण बसल्यामुळे केसांचे एकमेकांशी घर्षण कमी होते आणि गुंता सहज सुटतो. बाजारातील कंडिशनरही वेगळ्या घटकांच्या साहाय्याने हेच काम करतो.

मेथीत प्रथिने भरपूर असल्यामुळे केसांना पोषण मिळते, हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे 23 ग्रॅम प्रथिने असतात हे खरे. परंतु डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, आणि त्वचेखालच्या मुळाशी नवा केस घडतो तो रक्तातून येणाऱ्या घटकांपासून. प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की लेपातून मुळापर्यंत पोहोचून ते नव्या केसाचा भाग होऊ शकत नाहीत. त्यातील प्रथिने हवी असतील, तर मेथी पोटात गेलेली बरी.

तरीही ‘मेथीने माझे केस गळणे थांबले’ असे प्रामाणिकपणे सांगणारी माणसे भेटतात, आणि ती खोटे बोलत नसतात. तीव्र ताप, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी केस एकाएकी मोठ्या प्रमाणात गळू लागतात आणि पुढील काही महिन्यांत हे गळणे बहुतेकदा आपोआप कमी होते. घाबरून लेप सुरू करण्याची वेळ नेमकी याच काळात येत असल्याने सुधारणेचे श्रेय मेथीला मिळते. एरवीही दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक मानले जाते आणि केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे आठवडाभरात फरक दाखवणाऱ्या छायाचित्रांवर कितपत विश्वास ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कृती सोपी आहे, पण गाळण्याचा कंटाळा करून चालत नाही. दोन मोठे चमचे दाणे भरपूर पाण्यात रात्रभर भिजवून, त्याच पाण्यासह अगदी बारीक वाटावेत आणि ते वाटण पातळ करून सुती कापडातून पिळून घ्यावे. न गाळता लावलेल्या वाटणातील सालीचे कण केसांत असे अडकतात की दोनदा धुऊनही ते कंगव्यात निघत राहतात. गाळलेला लेप ओलसर केसांना लावून वीस ते तीस मिनिटांनी, तो सुकण्यापूर्वीच, कोमट पाण्याने धुवावा. सुकून कडक झालेला लेप काढताना केस ओढले जातात आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच बिघडते. उरलेला लेप लवकर आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. वासाचे म्हणाल, तर सोटोलोन नावाच्या द्रव्यामुळे येणारा तो कडवट-गोड दर्प पुढच्या नहाण्यापर्यंत रेंगाळतो. मला त्याची सवय झाली आहे, घरातील इतरांना नाही.

कोंड्यासाठी मी मेथीवर विसंबत नाही. कोंड्याशी मॅलासेझिया या त्वचेवरील बुरशीचा संबंध असतो आणि त्यावर किटोकोनॅझोलसारखे बुरशीरोधक घटक असलेला शाम्पू परिणामकारक ठरतो. लेप धुताना सुटे झालेले पापुद्रे वाहून गेल्यामुळे डोके तात्पुरते स्वच्छ वाटते, इतकेच. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण मेथी त्याच शेंगवर्गीय कुळातील आहे. इतरांनीही प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडा लेप लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. डोक्यावर गोल चकत्या पडून केस जात असतील किंवा त्वचा लाल होऊन दुखत असेल, तर लेपात वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

कोरड्या, दाट किंवा कुरळ्या केसांना हा लेप आठवड्यातून एकदा लावणे पुरेसे होते. ज्यांचे केस मुळातच पातळ आणि तेलकट आहेत, त्यांच्या केसांवर मात्र हेच आवरण जड होऊन केस चपटे बसतात, त्यामुळे त्यांनी या वाटेला न गेलेलेच बरे.