तुम्ही विचारलंत म्हणून : फोटोंनी प्रवाळ वाचतं का?

नाशिकला घरी असले की कुणी ना कुणी विचारतंच, "समुद्रात बुडी मारून नुसते फोटो काढता, त्याने प्रवाळ वाचतं का?" परवा निफाडच्या मामांनीही विचारलं. फोटोने प्रवाळ वाचत नाही, हे खरं. पण ते कशाने आजारी पडलंय हेच ठाऊक नसेल, तर वाचवायचं कशापासून?

मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथेही प्रवाळ आहे. आमचं काम असं : तळाशी मोजपट्टी अंथरायची, ठरलेल्या अंतरांवर चौकट ठेवायची आणि दरवेळी तेवढ्याच उंचीवरून सरळ खाली फोटो घ्यायचा. तिरका फोटो देखणा येतो, पण मोजणीला उपयोगाचा नाही. पाणी लाल रंग आधी शोषतं, म्हणून चौकटीत रंगपट्टी ठेवतो. तिच्यावरून खरा रंग नंतर लावता येतो. पाय जोरात हलला की गाळ उठतो आणि फोटो वाया जातो.

त्याहून जास्त वेळ जातो तो इथे, नाशिकच्या टेबलावर. संगणक फोटोवर कुठेही बिंदू टाकतो. प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते ठरवायचं : जिवंत प्रवाळ, मेलेलं, शेवाळ, वाळू. त्यातून टक्केवारी निघते. हल्ली सॉफ्टवेअर पहिला अंदाज स्वतःच करतं, पण तपासायला माणूस लागतोच.

सगळ्यात जास्त थांबावं लागतं पांढऱ्या प्रवाळापाशी. पांढरं म्हणजे मेलेलं, असं बहुतेकांना वाटतं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. रंगही बराचसा त्याचा आणि अन्नही बरंचसं तेच पुरवतं. पाणी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल गमावतं. मग पारदर्शक कातडीखालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. फोटो मोठा करून पाहा : पांढऱ्यावर ओलसर झिलई असते, इवल्या पॉलिपांच्या, म्हणजे प्रवाळ घडवणाऱ्या बारीक जिवांच्या, कडा शाबूत असतात. ते जिवंत आहे. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो. नाही निवलं तर सांगाड्यावर शेवाळाचा मळकट थर चढतो. दोन्हींतलं काय झालं, ते त्याच चौकटीचा पुढचा फोटो सांगतो. म्हणूनच एकदाच केलेल्या सर्वेक्षणावर माझा फारसा भरवसा नाही.

मामांना म्हटलं, "द्राक्षाच्या पानावर डावणीचा रोग आहे की भुरीचा, हे न बघता तुम्ही फवारणी ठरवता का?" त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही.

लक्षद्वीपच्या प्रवाळाला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये उष्णतेचा मोठा फटका बसला. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातलं चौथं ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडणं, जाहीर झालं. उष्णतेने मोजपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवाळ फिकं पडतं. होडीच्या नांगराने मात्र एकाच जागी ताजे तुकडे पडलेले असतात, बाजूचं प्रवाळ ठणठणीत. तापणारा समुद्र एका गावाच्या हातात नाही. नांगर मात्र आहे : तरंगते बोये बसवले की होड्या त्यांना बांधता येतात, तळाशी नांगर टाकावाच लागत नाही. बोया नेमका कुठे हवा, ते या फोटोंवर बोट ठेवून दाखवता येतं.